ओल्ड स्कूल रूनस्केप: ९९ चं गणित आणि वाटेतली दारं

मासेमारीत ४० वरून ४१ व्या लेव्हलला जायला ४४ लॉबस्टर पुरतात. ९८ वरून ९९ ला जायला १३,६५४ लागतात. मासा तोच, पिंजरा तोच आणि प्रत्येक लॉबस्टरमागे मिळणारे ९० एक्सपीही, म्हणजे अनुभवाचे गुणही, तेच. इन्व्हेंटरीत, म्हणजे सोबतच्या पिशवीत, २८ खाने, त्यातला एक पिंजऱ्याने अडवलेला, म्हणजे त्या शेवटच्या एका लेव्हलसाठी ५०६ वेळा इन्व्हेंटरी भरायची आणि ५०६ वेळा रिकामी करायची. ओल्ड स्कूल रूनस्केपचं परीक्षण इथूनच सुरू करायला हवं. हा गेम जुनाट ग्राफिक्समुळे किंवा अवघड लढायांमुळे सुटत नाही, तो या हिशेबाच्या ओझ्याखाली सुटतो. आणि तरीही, संथ लेव्हलिंग सुसह्य व्हावं म्हणून इतकी सोय करून ठेवलेला दुसरा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम सापडणं कठीण आहे. अडचण एवढीच, की ही सोय गेम स्वतःहून दाखवत नाही. ती शोधावी लागते.

आधी वस्तूची ओळख. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने ऑगस्ट २००७ मधल्या बॅकअपवरून जुना रूनस्केप पुन्हा उभा केला आणि २२ फेब्रुवारी २०१३ ला तो वेगळा गेम म्हणून सुरू केला. ऑक्टोबर २०१८ पासून तो मोबाइलवरही आहे, आणि कॉम्प्युटरवरचं खातं जसंच्या तसं फोनवर उघडतं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेलं सेलिंग धरून आता एकूण २४ स्किल्स आहेत. त्यातली १५ फुकट खेळणाऱ्यांना मिळतात आणि उरलेली ९ मेंबरशिप घेतल्यावर. प्रत्येक स्किलची वरची लेव्हल ९९. एक्सपी थेट पैशाने विकत मिळत नाहीत, आणि नवीन काही गेममध्ये घालायचं असलं तर त्यावर खेळाडूंचं मतदान होतं. ७० टक्के होकार मिळाला तरच ते येतं. (आधी ही अट ७५ टक्के होती.) त्यामुळे लेव्हलिंगचा मूळ चढ इतक्या वर्षांत कुणी कापून सपाट केलेला नाही. मेहनतीने मिळवलेल्या लेव्हलची किंमत इथे टिकते, आणि हा गेमचा मोठा गुण आहे.

आता त्या चढाचं गणित. पुढच्या लेव्हलला लागणारे एक्सपी दर सात लेव्हलमागे साधारण दुप्पट होतात. ९९ साठी एकूण १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात आणि ९२ ला पोहोचेपर्यंत ६५,१७,२५३ झालेले असतात. म्हणजे ९२ हा बरोबर अर्धा रस्ता. ८५ ला ३२,५८,५९४, म्हणजे पाव रस्ता. कोणत्याही लेव्हलवर उभं राहून 'अजून सात लेव्हल' म्हणणं म्हणजे 'आतापर्यंत केलं तेवढंच पुन्हा एकदा' म्हणणं. ६० ला असलेला खेळाडू वाटेचा मोठा भाग सरला असं समजतो, कारण ९९ पैकी ६० हा आकडा डोळ्यांना भरघोस वाटतो. प्रत्यक्षात २,७३,७४२ एक्सपी म्हणजे दोन टक्क्यांच्या किंचित वर. हे ज्याला उशिरा कळतं त्याचा धीर ७० च्या आसपास सुटतो.

पण त्याच तक्त्याची दुसरी बाजू बघा. ७० व्या लेव्हलला ७,३७,६२७ एक्सपी लागतात, ९९ च्या जेमतेम ५.७ टक्के. आणि गेममधल्या चांगल्या गोष्टींपैकी केवढ्या तरी ७० च्या आत उघडतात. पायटी ही लढाईतली सगळ्यात कामाची प्रार्थना घ्या: प्रेअर ७०, डिफेन्स ७० आणि किंग्ज रॅन्सम या क्वेस्टनंतरची (क्वेस्ट म्हणजे गोष्टीतली मोहीम) नाइट वेव्ह्जची परीक्षा. साँग ऑफ द एल्व्ह्ज ही मोठी क्वेस्ट आठ स्किल्समध्ये ७० मागते: अ‍ॅजिलिटी, कन्स्ट्रक्शन, फार्मिंग, हर्बलोर, हंटर, मायनिंग, स्मिदिंग आणि वुडकटिंग. आठही मिळून ५९,०१,०१६ एक्सपी. एका ९९ च्या निम्म्याहूनही कमी, आणि त्या बदल्यात एल्फ लोकांचं अख्खं शहर उघडतं. त्यामुळे पहिलं वर्षभर तरी ९९ हा आकडा डोळ्यांसमोर ठेवू नये. पुढचं दार कुठलं आणि त्याला कुलूप कितीचं, एवढंच ठेवावं. 'वुडकटिंग ९९' असं लिहून भिंतीवर लावलेला खेळाडू विलोची १,९३,१०३ लाकडं तोडायला बसतो. 'लॉस्ट सिटीसाठी वुडकटिंग ३६ आणि क्राफ्टिंग ३१' असं लिहिलेल्याचं काम काही दिवसांत होतं, तो झनारिस या परींच्या शहरात शिरतो आणि तिथून पुढे फेअरी रिंग्जच्या, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे क्षणात नेणाऱ्या वर्तुळांच्या, मार्गाला लागतो. या रिंग्ज वापरायला फेअरीटेल भाग दोन ही क्वेस्ट नुसती सुरू केली तरी चालते, संपवावी लागत नाही. त्या मिळाल्या की गेममधला प्रवास इतका सोपा होतो, की पुढचं प्रत्येक काम हलकं वाटायला लागतं.

सुरुवातीच्या लेव्हल क्वेस्टमधून घ्याव्यात

नवे खेळाडू सगळ्यात जास्त वेळ इथे वाया घालवतात, म्हणून थोडं सविस्तर.

क्वेस्टचं बक्षीस ठरावीक एक्सपीचं असतं. लेव्हल १ ला केली काय नि ५० ला केली काय, मिळायचं तेवढंच मिळतं. पण तासाला मिळणारे एक्सपी सुरुवातीला सगळ्यात कमी असतात, त्यामुळे तीच क्वेस्ट आधी केली तर वाचणारा वेळ कितीतरी पट जास्त. वॉटरफॉल क्वेस्टला कोणत्याही स्किलची अट नाही आणि ती अटॅक आणि स्ट्रेंथ या दोन्हींत १३,७५० एक्सपी देते. नव्या खात्यावर दोन्ही स्किल्स १ वरून थेट ३० वर. कोंबड्या आणि गोब्लिन मारत बसण्याचे कित्येक तास एका झटक्यात वजा.

तिच्यात अडखळायची जागा ठरलेली आहे. ग्लॅरियलच्या थडग्यात शस्त्र, चिलखत आणि रून्स (जादूसाठी लागणारे दगड) घेऊन जाता येत नाही. बरेच जण एअर, वॉटर आणि अर्थ प्रत्येकी सहा रून्स सोबत घेऊनच निघतात आणि दारातून परत फिरतात. क्रम असा ठेवा: आधी फक्त दोर आणि खाणं घेऊन थडग्याचं काम उरकायचं, मग बँकेतून रून्स उचलून धबधब्याकडे जायचं. आत राक्षस तुमच्यापेक्षा खूप ताकदवान असतात. त्यांच्याशी लढायचं नसतं, पळत ओलांडून जायचं असतं, म्हणून रन एनर्जी पूर्ण भरलेली असू द्या.

फुकट खेळणाऱ्यांसाठी द नाइट्स स्वॉर्ड ही क्वेस्ट तशीच मोलाची. मायनिंग १० लागतं, सोबत लोखंडाच्या दोन बार आणि एक रेडबेरी पाय. बक्षीस १२,७२५ स्मिदिंग एक्सपी, म्हणजे लेव्हल १ वरून २९. क्वेस्टसाठी लागणारं ब्लुराइट खनिज बर्फाच्या गुहेत असतं आणि तिथले आइस जायंट व आइस वॉरियर आपणहून अंगावर येतात. थेट खनिजापर्यंत जा, एक दगड फोडा आणि निघा. फुकटातलीच व्हँपायर स्लेअर अटॅकचे ४,८२५ एक्सपी देते, म्हणजे १ वरून २०. लसूण विसरू नका, त्याने काउंट ड्रेनॉर दुबळा होतो. मेंबर असाल तर विचेस हाउस करून हिटपॉइंट्स १० वरून २४ वर जातात आणि सी स्लगने फिशिंग २४ होतं. व्हॅरॉकच्या संग्रहालयातली प्राण्यांची प्रश्नमंजूषा सोडवली की स्लेअर आणि हंटर दोन्ही ९ वर. एवढ्यात हाताने रगडलेलं जवळपास काहीच नसतं.

तरीही क्वेस्टचा हा साठा संपतो, आणि साधारण ४० ते ६० च्या टप्प्यात पहिला खरा कंटाळा गाठतो. लेव्हल धडाधड वाढण्याची सवय झालेली असते, आणि अचानक एकेका लेव्हलला संध्याकाळ जाते. इथून पुढे टिकायचं तर कामाची मांडणी बदलावी लागते.

झाडं वाढतात, तुम्ही झोपा

या टप्प्यावर फार्मिंगसारखा सोबती नाही. लावलेलं रोप तुम्ही लॉगआउट असतानाही वाढत राहतं. औषधी वनस्पती ८० मिनिटांत तयार, यू झाड ४०० मिनिटांत, मॅजिक ४८० मिनिटांत. दिवसातून एकदा लॉगइन करा, एक फेरी मारा, बंद करा.

आकड्यांतच बोलायचं तर, फार्मिंग ६० ला यू लावता येतं. वाढलेलं एक यू तपासलं की ७,०६९.९ एक्सपी. पाच ठिकाणी लावलं तर एका फेरीचे ३५,००० च्या वर होतात, आणि ६० वरून ६१ ला लागतात २८,५४६. म्हणजे लेव्हल ६० ला रोज एक फेरी आणि एक लेव्हल, वर थोडं शिल्लक. पुढे हा वेग मंदावतो, पण रोजच्या थोड्याशा कामात एवढं पदरात पाडणारं स्किल दुसरं नाही.

चूक कुठे होते? रोप लावून राखण न ठेवण्यात. झाडाला रोग पडतो, आणि वेळेवर उपचार झाला नाही तर ते मरतं. महागडं बी गेलं आणि दिवसही गेला. प्रत्येक जागेजवळच्या माळ्याला मोबदला दिला की झाड मरत नाही: ओकला टोमॅटोची एक टोपली, विलोला सफरचंदांची एक, मेपलला संत्र्यांची एक, यूला निवडुंगाचे १० काटे, मॅजिकला २५ नारळ. हा मोबदला आधीच जमवून बँकेत ठेवा, ऐन वेळी शोधत फिरू नका. औषधी वनस्पतींची राखण माळी करत नाही, म्हणून त्यांना अल्ट्राकंपोस्ट हे खत घाला. आणि हे स्किल सोनं खातं हे लक्षात असू द्या. यूचं बी परवडत नसेल तर खालच्या झाडांवर थांबा, पिशवी रिकामी करून लेव्हल विकत घेण्यात अर्थ नाही.

त्याला जोडून फॉसिल आयलंडवरची पक्ष्यांची घरटी. बोन व्हॉयेज क्वेस्ट झाली की चार घरटी लावता येतात. प्रत्येकात साध्या हॉप्सची १० बियाणं घालायची आणि साधारण ५० मिनिटांनी उघडायची. घरट्याला लागणारं क्लॉकवर्क उघडताना परत मिळतं, म्हणून चार क्लॉकवर्क एकदा मिळवली की पुढे फक्त लाकूड आणि बी लागतं. हंटर हे मुळात किचकट, क्लिक मागणारं स्किल. घरट्यांमुळे ते जवळपास आपोआप वर जातं.

इथे एक तुलना करायचा मोह होतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या क्लासिक आवृत्तीत सराईमध्ये (मुक्कामाच्या खाणावळीत) लॉगआउट केलं तर दर आठ तासांमागे लेव्हलच्या पाच टक्के इतका विश्रांतीचा एक्सपी साचतो, जास्तीत जास्त दीड लेव्हलपुरता, आणि तो असेपर्यंत राक्षस मारल्यावर दुप्पट एक्सपी मिळतात. म्हणजे तो गेम विश्रांतीला थेट बक्षीस देतो. ओल्ड स्कूलमध्ये असं काही नाही. फार्मिंग आणि घरटी हाच इथला विश्रांतीचा एक्सपी, फक्त तो स्वतः पेरावा लागतो.

लक्ष किती द्यायचं ते आधी ठरवा

प्रत्येक स्किलला लक्षाची मागणी वेगळी. मदरलोड माइनमध्ये खोदणं, मोठ्या झाडांवर कुऱ्हाड चालवणं, लॉबस्टर पकडणं: ही कामं दुसरीकडे नजर असतानाही होतात, मधूनमधून एक क्लिक. छतांवरची अ‍ॅजिलिटी आणि गार्डियन्स ऑफ द रिफ्ट हा रूनक्राफ्टचा सामूहिक खेळ सतत डोळे मागतात. गेममधला वेळ ०.६ सेकंदाच्या टिकमध्ये चालतो आणि काही खेळाडू प्रत्येक टिकला क्लिक करून तासाचे एक्सपी बरेच वाढवतात. त्यांच्या व्हिडिओतले आकडे बघून तेच करायला जाणं हा उत्साह मारण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. अर्ध्या तासात मनगट दुखतं आणि तीन दिवसांत त्या स्किलचं नावही नकोसं होतं. ताशी कमी देणारी पण तुम्ही महिनाभर करू शकाल अशी पद्धत, ताशी दुप्पट देणाऱ्या पण दोन दिवसांत सुटणाऱ्या पद्धतीपेक्षा नेहमी पुढे जाते.

म्हणून दोन कामं जोडीने ठेवा, एक सैल आणि एक ताणाचं. थकलेल्या दिवशी मदरलोड, ताज्या दिवशी छतं. बैठक संपवायची खूण लेव्हलवर ठेवू नका, कारण वरच्या टप्प्यात ती त्या दिवशी येणारच नाही. 'पाच इन्व्हेंटरी' किंवा 'वीस फेऱ्या' असं मोजता येईल ते ठरवा. आणि बंद करताना पात्र बँकेशेजारी, पुढच्या कामाची हत्यारं इन्व्हेंटरीत, अशा तयारीत ठेवा. पुढच्या वेळी लॉगइन केल्यावर 'आता काय करू' हा प्रश्न पडला, तर निम्म्या वेळा उत्तर 'काहीच नको' असंच येतं.

तोडून टाकून देण्याच्या कामात शिफ्ट दाबून क्लिक केल्यावर वस्तू खाली पडण्याची सेटिंग चालू आहे ना हे पहिल्याच दिवशी बघा. प्रत्येक लाकडासाठी मेनू उघडत बसण्याची गरज नाही.

मोजमापाची साधनं

एक्सपी ड्रॉप्सच्या बटणातून सेटअप उघडला की प्रत्येक स्किलसाठी स्वतःचं लक्ष्य घालता येतं. ते ९९ वर ठेवू नका, पुढच्या दाराच्या लेव्हलवर ठेवा. पट्टी सरकताना दिसली पाहिजे. रूनलाइट हा खुल्या स्रोताचा, जॅगेक्सने मान्यता दिलेला क्लायंट (गेम चालवायचा प्रोग्राम) याहून पुढे जातो. त्याचा एक्सपी ट्रॅकर ताशी वेग, लक्ष्यापर्यंत उरलेल्या कृती आणि लागणारा वेळ दाखवतो. काम थांबलं की आयडल नोटिफायर आवाज देतो, आणि क्वेस्ट हेल्पर पायरीपायरीने बाण दाखवत नेतो.

ट्रॅकर वापरायचा तो ठरवण्यासाठी. समजा तो ताशी ४०,००० दाखवतोय आणि तुम्हाला ७० वरून ७५ ला जायचंय. मधले ४,७२,७९४ एक्सपी म्हणजे जवळपास १२ तास. रोज एक तास दिला तर दोन आठवड्यांच्या आत. हे चालणार असेल तर ट्रॅकर झाकून ठेवा आणि काम करा. दर मिनिटाला त्याच्याकडे बघत राहिलं की १२ तास २४ वाटतात.

रूनलाइट अधिकृत साइटवरून किंवा जॅगेक्स लाँचरमधूनच घ्या. त्याच्या नावाने बनावट डाउनलोड फिरतात आणि त्यातून खाती चोरीला जातात. ऑथेंटिकेटर आणि बँक पिन ही दोन कुलपं पहिल्या आठवड्यात लावून टाका.

खास पोशाखांबद्दलही असाच हिशेब करावा. मदरलोडमधला प्रॉस्पेक्टरचा पूर्ण पोशाख १८० सोन्याच्या गोळ्यांना येतो आणि मायनिंगचे एक्सपी २.५ टक्क्यांनी वाढवतो. ९९ पर्यंत जायचं असेल तर ते तीन लाखांच्या आसपास पडतात, घ्यायलाच हवा. पण ६० वर थांबायचं असेल तर सगळी वाट धरूनही बचत सात हजारांच्या आत. त्यासाठी गोळ्या साठवत बसू नका.

जिथे गेम खरोखर कमी पडतो

अ‍ॅजिलिटी. चोवीस स्किल्सपैकी सगळ्यात रूक्ष हेच. एकाच गोल मार्गावर पळत राहायचं, हातात काही येत नाही, विकायला काही नाही, आणि एक्सपीही हळू. जॅगेक्सने छतांवर मार्क्स ऑफ ग्रेस ठेवून थोडी मलमपट्टी केली आहे. २६० मार्क्समध्ये ग्रेसफुलचा पूर्ण पोशाख मिळतो: डोकं ३५, झूल ४०, अंगरखा ५५, विजार ६०, हातमोजे ३०, बूट ४०. तो घातला की वजन घटतं आणि रन एनर्जी ३० टक्के वेगाने भरते. कोणत्याही स्किलचं काम करताना तो अंगावर असणं म्हणजे रोजच्या चालण्यातली बचत, म्हणून अ‍ॅजिलिटी लवकर करण्याचं हे एकमेव पटणारं कारण. लेव्हल ४० ला कॅनिफिसच्या छतांवर जा आणि मार्क्स तिथेच जमवा. मात्र तुमची लेव्हल छताच्या अटीपेक्षा २० ने पुढे गेली की मार्क्स एकदम कमी पडायला लागतात. म्हणजे ६० च्या आत पोशाख पूर्ण करायचा आणि पुढच्या छतावर सरकायचं. त्यानंतरच्या ३९ लेव्हलसाठी मात्र गेमकडे पटेल असं उत्तर नाही.

रूनक्राफ्टची, म्हणजे रून्स बनवण्याच्या स्किलची, परिस्थिती पूर्वी याहून वाईट होती. २०२२ मध्ये गार्डियन्स ऑफ द रिफ्ट आलं आणि ती बरीच सुधारली. लेव्हल २७ आणि टेंपल ऑफ द आय ही क्वेस्ट एवढंच लागतं. अनेक जण मिळून खेळायचं, फेऱ्यांमध्ये चढउतार आहेत, शेवटी बक्षीस आहे. फायरमेकिंगला ५० नंतर विंटरटॉट आहे: ऊबदार कपडे घाला, ५०० गुण झाले की बक्षीस मिळतं. फिशिंगला ३५ नंतर टेंपोरॉस. कंटाळवाण्या स्किल्सना असा सामूहिक पर्याय देणं हे जॅगेक्सने या काही वर्षांत केलेलं सगळ्यात चांगलं काम. अ‍ॅजिलिटीला अजून तितका जोरकस पर्याय हवा आहे.

कन्स्ट्रक्शन, प्रेअर आणि हर्बलोर यांचा त्रास वेगळा. तिथे वेळ कमी लागतो, पण सोनं पाण्यासारखं जातं. ही स्किल्स सरसकट ओढण्यापेक्षा ज्या क्वेस्टला जेवढी लेव्हल लागते तेवढीच वाढवावी.

स्लेअर आणि 'ड्राय' जाणं

स्लेअर हे संथ असूनही सगळ्यात जास्त धरून ठेवणारं स्किल. मास्टर काम देतो, अमुक राक्षस इतके मारा. मेलेल्या राक्षसाचे जेवढे हिटपॉइंट्स तेवढे स्लेअर एक्सपी. प्रत्येक टास्क म्हणजे आपोआप ठरलेली बैठक, सुरुवात आणि शेवट दोन्ही असलेली. सलग दहाव्या टास्कला पाचपट आणि पन्नासाव्याला पंधरापट गुण मिळतात. नकोसं टास्क ट्युरेल या मास्टरकडे जाऊन बदललं की ही सलगता शून्यावर येते, त्यामुळे ४५ व्या टास्कवर कंटाळून ते करू नका. पहिले ४०० गुण स्लेअर हेल्मेट बनवायच्या परवानगीवर खर्च करा. क्राफ्टिंग ५५ लागेल, पण टास्कवरच्या राक्षसांशी जवळून लढताना नेम आणि मार दोन्ही सहाव्या हिश्श्याने वाढतात. टास्कवर मेलात तर समाधीदगड १५ मिनिटं टिकतो. तेवढ्यात परत जाऊन सामान उचलता येतं, म्हणून परतीचा टेलिपोर्ट कायम जवळ हवा.

८५ ला अ‍ॅबिसल डेमन उघडतात आणि त्यांच्याकडून अ‍ॅबिसल व्हिप (चाबूक) मिळण्याची शक्यता प्रत्येक डेमनमागे ५१२ मध्ये एक. इथे फार मोठा गैरसमज होतो. ५१२ मारले की मिळेलच असं नाही. (न मिळता मारत राहणं म्हणजेच 'ड्राय' जाणं.) गणिताने बघितलं तर ५१२ मारूनही शंभरातल्या साधारण ३७ जणांचे हात रिकामे असतात. १,०२४ नंतर १३ ते १४ जणांचे, १,५३६ नंतरही पाचांचे. आधीची रिकामी खेप पुढची शक्यता वाढवत नाही. हे आधी माहीत असलं तर ६०० व्या डेमनला 'माझ्याच नशिबी का' असं वाटत नाही. म्हणून ड्रॉपला ध्येय करू नये. ध्येय ८६ किंवा ८७ लेव्हल ठेवावी, ती मारलेल्या प्रत्येक डेमनचे १५० एक्सपी जमा करत नक्की येते. व्हिप मिळाला तर वाटेत मिळेल.

मेंबरशिप आणि बॉन्ड

गेममधल्या सोन्याने बॉन्ड विकत घेऊन मेंबरशिप चालवता येते. एका बॉन्डचे १४ दिवस. ऐकायला फुकट, पण नव्या खेळाडूने हा रस्ता धरू नये. दर दोन आठवड्यांनी बॉन्डचं सोनं जमवायचं म्हटलं की सगळा वेळ सोनं मिळवण्यात जातो आणि लेव्हल तिथल्या तिथे राहतात. चौदाव्या दिवसाची टांगती तलवार असताना कोणतंही संथ काम शांतपणे होत नाही. मधल्या ५० ते ७० च्या टप्प्यावर तर नाहीच नाही.

त्यापेक्षा आधी फुकटात व्हँपायर स्लेअर आणि द नाइट्स स्वॉर्ड पूर्ण करा, मासेमारी आणि स्वयंपाक ४० पर्यंत न्या, वुडकटिंग ३६ आणि क्राफ्टिंग ३१ करून ठेवा. यात कुठे कंटाळा येतो ते स्वतःचं स्वतःला कळेल, आणि ते कळायला पैसे लागत नाहीत. अजून खेळावंसं वाटत असेल तर एका महिन्याची मेंबरशिप घ्या आणि पहिल्या दिवशी वॉटरफॉल, त्याच आठवड्यात लॉस्ट सिटी, आणि फॉसिल आयलंडकडे नेणारी बोन व्हॉयेज करा. पहिली चार घरटी लागली की त्या रात्री लॉगआउट करताना उद्या कशासाठी यायचं ते ठरलेलं असेल.